मरणानुस्सती (मरण आठवण्याचं बौद्ध ध्यान) करताना छाती धडधडते, कुठे चुकतंय?

इंदोरा_पहाट: आनापान (श्वासावरचं ध्यान) २० मिनिटं नीट होतं. मग श्वास बाहेर सोडून ‘मी मरणार’ म्हटलं की छाती धडधडते. झोपण्याआधी करतो. नागपूरच्या अंबाझरी घाटावर, स्मशानात बसून करावं का?

लष्करीबाग: घाट राहू द्या. सतिपट्ठानातल्या (बुद्धांच्या स्मृती-साधनेच्या सुत्तातल्या) नऊ अवस्था उघड्यावर टाकलेल्या प्रेताच्या आहेत. आपल्याकडे चिता पेटते, त्या दिसणारच नाहीत. शिवाय तिथे कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं.

भीतीचं कारण ‘विसुद्धिमग्ग’ या जुन्या पाली ध्यानग्रंथात आहे. प्रियजनाचं मरण आठवलं तर शोक, वैऱ्याचं आठवलं तर आनंद, त्रयस्थाचं आठवलं तर प्रेत जाळणाऱ्यासारखं कोरडं, आणि स्वतःचं आठवलं तर भीती. चारही ठिकाणी स्मृती (जागरूकता), संवेग (मरण जवळ आहे ही निकड), ज्ञान नसतं. म्हणून आधी सुखात पाहिलेली आणि आता नसलेली माणसं आठवा, मग म्हणा ‘मरणं भविस्सति, जीवितिन्द्रियं उपच्छिज्जिस्सति’ (मरण येईल, जीवनशक्ती तुटेल). या वाक्यात ‘मी’ कुठेच नाही, बघा.

गोधनी_रोड: भाऊ, श्वास सोडून थांबता ना? धडधड त्याचीच. श्वास रोखला की शरीर घाबरतं, त्यात धम्माचं काही नाही. श्वास आपसूक येऊ द्या, दहाच मोजा.

अंगुत्तर निकायात (बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात) एक दिवस, एक जेवण, चार-पाच घास असं मरण आठवणाऱ्या भिक्खूंना बुद्धांनी प्रमादी (गाफील) म्हटलंय. एक घास किंवा एक श्वास धरणारे अप्रमादी. जेवताना पहिले तीन घास असेच घ्या. घास गिळेपर्यंत दुसरा उचलायचा नाही. बोटं मात्र आधीच भाकरीकडे निघालेली असतात, तिथेच स्मृती सुटते. (तर्री-पोह्यावर हा प्रयोग नको, ठसक्यात सगळं जातं.)

बेझनबाग: घरात नुकतं कुणी गेलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर हे बंद. वैशालीत अशुभ-भावनेनंतर (शरीराची किळस आणणाऱ्या ध्यानानंतर) भिक्खूंनी जीव दिले, तेव्हा बुद्धांनी आनापानसती शिकवली. तसे विचार येत असतील तर आधी डॉक्टर.

इंदोरा_पहाट: तसं काही नाही. श्वास मात्र खरंच रोखत होतो. मग रात्री नकोच का?

लष्करीबाग: चालतं. अंगुत्तर निकायातल्याच मरणस्मृतीच्या सुत्तात (बुद्धांच्या प्रवचनात) संध्याकाळी आणि पहाटे, दोन्ही वेळा सांगितलंय. साप, विंचू, गोम, पाय घसरणं, अन्न बाधणं ही कारणं आठवायची, पण तिथेच थांबून उठायचं नाही. पुढचा प्रश्न विचारायचा: आज रात्री गेलो तर मनात कोणतं अकुशल (लोभ, द्वेषासारखं वाईट) शिल्लक आहे? असेल तर डोक्याला आग लागल्यासारखं ते घालवण्याच्या मागे लागायचं. नसेल तर आनंदानं झोपा.