नव्या कराराची पुस्तके परिषदेने ठरवली काय?

प्रश्न (सोलापूर): आमच्या वाचनकट्ट्यावरील एक ज्येष्ठ गृहस्थ ठामपणे म्हणाले की, इ. स. ३२५ च्या निकाया येथील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेत मतदानाने बायबलच्या नव्या कराराची पुस्तके निवडली गेली, म्हणून ती चौथ्या शतकातील रचना होत. हा युक्तिवाद टिकतो काय?

उत्तर: टिकत नाही. त्या परिषदेपुढील मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या मताचा (ख्रिस्त हा देवपित्याच्या बरोबरीचा नसून त्याने निर्मिलेला आहे) होता आणि तिच्या २० नियमांत ग्रंथांची यादी नाही. आजची २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या इ. स. ३६७ च्या पत्रात आढळते. शिवाय ग्रंथाची निवड आणि ग्रंथाचे लेखन यांची येथे गल्लत झाली आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणून शके १२१२ ची रचना त्यांच्या काळातली ठरते काय?

दुसरे उत्तर: मान्य, परंतु उलट बाजूनेही घाई नको, लेखन जुने ठरले म्हणजे त्यातील प्रत्येक विधान खरे ठरले, असे होत नाही. तशीच सावधगिरी लेखनाच्या क्रमाबाबतही हवी. नव्या करारातील मार्काच्या शुभवर्तमानाचा (येशूचरित्राचा) बहुतेक मजकूर मत्तयाच्या शुभवर्तमानात, पुष्कळदा त्याच ग्रीक शब्दांत येतो आणि मार्क आधीचा असे बहुसंख्य अभ्यासक मानतात; मात्र नुसते साम्य उसनवारी दाखवते, तिची दिशा नव्हे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रविवारी एरियसपासून सुरुवात करतो. गृहस्थ वडीलधारे आहेत, तेव्हा जरा बेतानेच.