सी सॉकेट: ५०० चा ॲरे पाठवला, पोचले ३६२

वावरातला_पाय
वरूड तालुक्यातली संत्र्याची बाग. पंपघरात रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) आहे, ६४-बिट लिनक्स. २० ठिकाणच्या ओलाव्याची प्रत्येकी २५ रीडिंग, म्हणजे ५०० इंटचा (४ बाइटच्या पूर्णांकांचा) ॲरे, दर अर्ध्या तासाने सीतल्या प्रोग्रामनं टीसीपीवरून (डेटा क्रमानं पोचवणारी नेटवर्कची पद्धत) घरच्या पीसीला जातो. पीसीवरही लिनक्सच. मधे वाय-फाय, कनेक्शन कायम उघडं. पीसीवर दर वेळी ॲरे शून्य करून एकदाच रिसीव्ह बोलावतो आणि २००० बाइट मागतो.

एकाच मशीनवर १२७.०.०.१ ला (लूपबॅक, मशीनचा स्वतःचाच पत्ता) सगळं ठीक चालतं. वाय-फायवर मात्र बऱ्याचदा पहिले ३६२ आकडे बरोबर आणि पुढे शून्यं येतात. लगेच आणखी एक बॅच उमटते, तिच्यात १३८ आकडे, बाकी शून्यं. सेंड वेगळ्या फंक्शनमध्ये नेलं तर दोनच आकडे पोचतात. शिवाय लाइन जाऊन आली की पीसीवरचा प्रोग्राम नुसता बसून राहतो.

झाडांच्या पानांनी सिग्नल तुटतो म्हणून आकडे गळतात, असं एकानं सांगितलं. अँटेना वर चढवावा काय?

धुरा_बंधारा
अँटेनाला हात लावू नका भाऊ. ३६२ आणि १३८ ची बेरीज करा. ५०० पुरे भरतात, म्हणजे गळालं काहीच नाही. पानं २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात हे खरं, पण टीसीपी हरवलेलं पुन्हा पाठवतो. सिग्नल कमजोर असला तर उशीर होईल, ॲरेला मधेच भोक पडणार नाही.

टीसीपीला ॲरे माहीत नाही. त्याच्यासाठी ते कॅनॉलचं पाणी आहे: तुम्ही किती बादल्या ओतल्या ते खाली कळत नाही, फक्त पाणी येतं. १५०० च्या एमटीयूतून (एका पाकिटात मावणारे जास्तीत जास्त बाइट) आयपीचे २०, टीसीपीचे २० आणि टाइमस्टॅम्पचे १२ बाइट वजा केले की १४४८ उरतात. भागिले ४, म्हणजे ३६२. पहिलं पाकीट आलं, रिसीव्हनं तेवढंच हातात दिलं आणि परतला. उरलेले ५५२ बाइट पुढच्या बोलावण्यात आले, तीच तुमची दुसरी 'बॅच'. लूपबॅकचा एमटीयू ६५५३६ असतो, त्यामुळे तिथं २००० बाइट एका घासात येतात आणि चूक झाकली जाते.

लूप लावा. मराठीत लिहितो, सीमध्ये करून घ्या:

मिळाले = ०
जोवर मिळाले < हवे:
  न = रिसीव्ह(सॉकेट, बफर + मिळाले, हवे − मिळाले, ०)
  न == ० : समोरच्यानं कनेक्शन बंद केलं, बाहेर पडा
  न < ० : एररनो (चुकीचा कोड) ईआयएनटीआर, म्हणजे मधेच अडवलं, असेल तर पुन्हा फिरा, नाहीतर बाहेर
  मिळाले += न

सेंडलाही असाच लूप हवा, तोही कमी बाइट घेऊन परतू शकतो. आणि दोन सेंडच्या मधे स्लीप टाकून पाहू नका. आठ दिवस चालेल, नवव्या दिवशी फसवेल.

पऱ्हाटी_११
एमएसजी_वेटऑल फ्लॅग दिला तर रिसीव्ह पूर्ण बाइट भरेपर्यंत थांबतो, लूपची गरज नाही.

धुरा_बंधारा
बहुतेकदा थांबतो. मधे प्रोग्रामला सिस्टिमचा सिग्नल (वाय-फायचा नव्हे) आला, टाइमआउट लागला किंवा कनेक्शन तुटलं तर कमीच देतो. म्हणजे आकडा तपासावा लागतोच. मग लूपच बरा.

पऱ्हाटी_११
मान्य. आता त्या दोन आकड्यांचं. फंक्शनला दिलेला ॲरे आत पॉइंटर (नुसता पत्ता) होतो. तिथं साइझऑफनं आकार मोजला की ६४-बिटवर पत्त्याचे ८ बाइट मिळतात, म्हणून दोन इंट. ३२-बिट असतं तर एकच पोचला असता. पॅरामीटर चौकोनी कंसानं लिहिला असेल तर जीसीसी (सीचा कंपायलर) यावर वॉर्निंग देतो, वाचत कोणी नाही. संख्या वेगळ्या पॅरामीटरनं द्या.

दोन्ही टोकांना ५०० पक्कं बांधूही नका, उद्या सेन्सर वाढले की फसाल. आधी ४ बाइटमध्ये संख्या पाठवा, मग आकडे. टाइप नेमका ३२ बिटांचा ठेवा: आकड्यांना int32_t, संख्येला बिनचिन्हाचा uint32_t. सगळं एचटीओएनएलमधून (बाइट नेटवर्कच्या क्रमात लावणारं फंक्शन) पाठवा आणि पलीकडे एनटीओएचएलनं उलटा. पाय आणि पीसी दोन्ही लिटल एंडियन (सर्वात कमी किमतीचा बाइट आधी), त्यामुळे दोन्हीकडे विसरलात तर चालून जाईल. एकीकडेच विसरलात तर १ चे १६७७७२१६ होतील आणि ५०० ची संख्या ४०९ कोटींवर जाईल. त्या आकड्यावर मॅलॉक करण्याआधी (मेमरी मागण्याआधी) मर्यादा तपासा. ५००० च्या वर गेलं की कनेक्शन बंद.

फ्यूज_तार
लाइनचं राहिलं. थ्री-फेजची पाळी संपून पाय एकदम बंद पडतो तेव्हा तो निरोप घेत नाही. पीसीला कनेक्शन जिवंतच वाटतं आणि रिसीव्ह वाट पाहत बसतो. कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते विचारणं) लावला तरी लिनक्सवर पहिली विचारणा ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तास गेले. सेटसॉकऑप्टनं (सॉकेटची सेटिंग बदलणारं फंक्शन) रिसीव्ह टाइमआउट लावा. तुमची बॅच अर्ध्या तासाची, तेव्हा ४० मिनिटं ठेवा. वेळ संपली की सॉकेट बंद करून पुन्हा ॲक्सेप्टवर (नवं कनेक्शन घेण्यावर) जा.

उलट घरची लाइन गेली तर पायवरचा प्रोग्राम मरू शकतो. कनेक्शन तुटल्याचं कळल्यावरही त्याच सॉकेटवर सेंड करत राहिलं की सिगपाइप (सिस्टिमचा सिग्नल) येतो आणि प्रोग्राम गुपचूप संपतो. सेंडला एमएसजी_नोसिग्नल द्या आणि ईपाइप किंवा कनेक्शन तुटल्याची दुसरी चूक आली की पुन्हा कनेक्ट करा. पीसीचा प्रोग्राम पुन्हा सुरू करताना 'ॲड्रेस आधीच वापरात' असं आलं तर बाइंडच्या (पत्ता-पोर्ट घेण्याच्या) आधी एसओ_रियूजॲड्र लावायचं राहिलंय.

वावरातला_पाय
साइझऑफचं सुटलं. लूप लावला, तरी पहिले ३६२ बरोबर, पुढे शून्यंच. कधी प्रोग्रामच कोसळतो. मिळालेले बाइट मात्र २००० पूर्ण दाखवतो.

धुरा_बंधारा
बफर इंट पॉइंटर ठेवला असणार. त्यात १४४८ मिळवले की सी १४४८ इंट पुढे जातो, म्हणजे ५७९२ बाइट. तुमचा ॲरे २००० बाइटचा. उरलेले १३८ आकडे शेजाऱ्याच्या वावरात पडताहेत. आधी कॅर पॉइंटरमध्ये (एकेक बाइट मोजणाऱ्या) कास्ट करा, मग मिळाले जोडा.

वावरातला_पाय
तेच होतं. ५०० आले.