बोअरच्या खारट पाण्याने भात करपतंय, नॅनो झिंक फवारू का?

पश्चिम साक्रीचा शेतकरी
राम राम मंडळी. पिंपळनेरच्या वरच्या अंगाला माझं ३० गुंठे भात आहे. यंदा आर्द्रा कोरड्या गेल्या, रोपं बोअरवर जगवली. लावणीला १८ दिवस झाले. पानांची टोकं पांढरी पडून सुईसारखी वळतात. दुपारी बांधाच्या कडेला मीठ फुटतं, बोटाने चाखलं तर खारटच. दुकानदार म्हणतो नॅनो झिंक मार, खार मरतो. बाटली आणलीय, अजून फोडली नाही. वर्षभराचा घरचा तांदूळ आहे हा. कुणी वापरलंय का?

बोरीकाठ
भाऊ, मनी बी हायीच गत व्हयनी व्हती. फवारल्यावर आठवडाभर शेत हिरवं दिसलं, मग नवी पानं परत करपली. पाणी तेच देत होतो ना!

माती-परीक्षणवाली, शिंदखेडा
दादा, खार मरत नाही, तो जमिनीतच राहतो. नॅनो कण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, रोपाला सोसायची ताकद देतात, एवढंच. सिलिकाचे कण मुळांत थर धरतात, सोडियम वर चढायला अडतो. झिंकने पेशींचं नुकसान आवरणारी विकरं (एन्झाइम) जोमात चालतात. पण हे प्रयोग बहुतेक कुंड्यांतले, आणि मात्रा वाढली की तेच झिंक मुळांना मारक ठरतं. खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके असतील तर ती झिंकची कमतरता, तेव्हा फवारणीचा खरा उपयोग. तुमची लक्षणं मिठाची वाटतात.

आधी माती तपासा. ईसी, म्हणजे क्षारांचं माप, संपृक्त अर्काची (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) आहे की १:२.५ द्रावणाची (एक भाग माती, अडीच भाग पाणी), हे लॅबला नक्की विचारा. संपृक्त अर्कात ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं. नुसती खारवट जमीन गोड्या पाण्याने धुतली जाते, चोपण (सोडियमने बिघडलेली) असेल तर आधी जिप्सम लागतं. पुढच्या वर्षी कर्नालच्या क्षारजमीन संशोधन संस्थेचा सीएसआर-३६ हा खार सोसणारा भाताचा वाण बघा.

पश्चिम साक्रीचा शेतकरी
ताई, ठिपके नाहीत, आताच वाकून एकेक चूड बघितला. रात्री पाऊस झाला. खालचा बांध फोडून साचलेलं पाणी नाल्यात काढलं, आता वरून पावसाचंच पाणी घेतोय. बोअर बंद. पाच जागची माती पिशवीत बांधलीय, बोअरचं पाणी वेगळं भरलंय. उद्या पहिल्या एसटीने धुळ्याला.