नक्स व्होमिका ३०: वडिलांना गुण आला तो गोळ्यांनीच ना?

यंत्रमागवाला, पूर्व भाग
वडिलांनी चाळीस वर्षं माग चालवला, निम्मी रात्रपाळीत. तासाला चहा, गालात तंबाखू, पहाटे घरी आले की कडक भाकरी आणि शेंगाचटणी. छातीत जळजळ, आंबट ढेकर, चारदा जाऊनही पोट साफ नाही. दोन उशा लावून बसल्या बसल्याच डुलकी काढायचे. होमिओपॅथीच्या मॅडमनी अर्धा तास सगळं विचारलं आणि नक्स व्होमिका ३० दिलं. दीड महिन्यात माणूस आडवा झोपायला लागला. औषध कुचल्याच्या बियांचं, म्हणजे झाडाचंच. 'साबुदाण्याच्या गोळ्या' म्हणून हसणाऱ्यांनो, आमच्या घरात आलेला गुण खोटा कसा? आता गुडघेदुखीच्या गोळ्या सोडल्या तर दुसरं कुठलंच औषध नाही.

होटगी रोडकर
दादा, गुण खोटा म्हणत नाही. पण गोळीत काय आहे ते बघा की. कुचल्याच्या अर्काचा एक थेंब, नव्याण्णव थेंब अल्कोहोल, जोरात हलवायचं. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णवात. असं ३० वेळा. मी रसायनशास्त्र शिकवतो. मोल म्हणजे पदार्थ मोजायचं आमचं माप. एका मोलमध्ये रेणू ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, आणि बाराव्या पायरीलाच द्रावण १० च्या २४ व्या घाताइतकं पातळ होतं. पुढच्या १८ पायऱ्यांत कुचला उरतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ साली अनेक अभ्यास तपासले, एकाही आजारावर भरवशाचा पुरावा मिळाला नाही. मॅडमनी पथ्य काय सांगितलं होतं?

यंत्रमागवाला
चहा, तंबाखू, कच्चा कांदा बंद. रात्री आठच्या आत जेवण.

होटगी रोडकर
मग गुण त्याचाच. तंबाखू सुटली हेच केवढं मोठं काम झालं!

सात रस्ता क्लिनिक
सर, मी होमिओपॅथ आहे, रेणूंचा हिशेब मलाही येतो. पण हेच पथ्य यांना आधी कुणीच सांगितलं नसेल? सांगितलं असणार, पाळलं नाही. जागरण, चहा, तंबाखू, तिखट, चिडचिड, पोट साफ न होणं हे आमच्याकडे नक्सचंच चित्र. होमिओपॅथीचे जनक हानेमाननी १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः खाऊन बघितली, तेव्हापासून माणूस बघून औषध द्यायची आमची रीत आहे. अर्धा तास ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं, म्हणून त्यांनी ऐकलं. ते तुमच्या मोलमध्ये कसं बसवणार?

माळीनगरची पोरगी
बाजारात कुचल्याच्या बिया मिळतात. त्याच उगाळून दिल्या तर?

सात रस्ता क्लिनिक
ताई, अजिबात नको! त्यात स्ट्रिक्नीन असतं. झटके येऊन जीव जातो. आयुर्वेदातही शोधन करून, म्हणजे विषारीपणा कमी केल्याशिवाय वापरत नाहीत. यावर सरांचं आणि माझं एकमत असेल.

वॉर्डातली ताई
मी नर्स आहे. भाऊ, त्या गुडघ्याच्या गोळ्या कसल्या? वेदनाशामक असतील तर त्या पोटाचं अस्तर खातात. माझ्या आत्यानं अशाच रोज घेतल्या, जळजळीवर घरचंच काहीबाही चालू होतं. आणली तेव्हा ओठ पांढरेफटक, हिमोग्लोबिन ५. अल्सरमधून, म्हणजे पोटातल्या जखमेतून थेंब थेंब रक्त जात होतं. शिवाय अल्सरमागे हेलिकोबॅक्टर नावाचा जंतूही असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. जंतू निघाला तर अँटिबायोटिकच्या कोर्सनं जातो. जळजळ थांबली म्हणजे जखम भरली असं नाही. पोटात रक्त जात असेल तर ते संडासात काळं दिसतं, म्हणून एकच विचारते, संडासला डांबरासारखी काळी, चिकट होते का?

यंत्रमागवाला
ताई, आत्ता आईला विचारलं. पंधरा दिवसांपूर्वी दोन दिवस तसंच झालं होतं. बीट खाल्लं असेल म्हणून बाबांनी तिला गप्प केलं. आमच्या घरी बीट येतच नाही. गोळीच्या पाकिटावर डायक्लोफेनॅक लिहिलंय.

वॉर्डातली ताई
ते वेदनाशामकच. ती गोळी आजपासून बंद. सकाळीच न्या, पाकीट बरोबर घ्या. रात्रीत चक्कर आली, रक्ताची उलटी झाली किंवा पुन्हा काळी झाली तर सकाळची वाट बघू नका.

यंत्रमागवाला
रिक्षा सांगितलीय. नक्सची बाटली त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातलीय, ती मी काढून घेणार नाही.