अनुभव धागा: एकटं फिरणारं शिकारी कुत्रं दिसलं तर उचलावं का?

नमस्कार मंडळी. खंडवा रोडला, रालामंडळच्या मागे, बायपासच्या कडेने लांब पायांची, निमुळत्या तोंडाची कुत्री एकटी फिरताना इंदूरच्या बऱ्याच जणांना दिसतात. कारवान, मुधोळ, नाहीतर ग्रेहाऊंडचं मिश्रण. कुणी म्हणतं टाकून दिलंय, घरी न्या. कुणी म्हणतं मालक येईल, हात लावू नका. दोन्ही म्हणणाऱ्यांच्या मनात कुत्र्याचं भलंच असतं, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. शेतात रोजडे (नीलगायी) आणि डुकरं शिरतात म्हणून या बाजूचे काही शेतकरी ही कुत्री पाळतात, त्यामुळे एकटं दिसलं म्हणजे बेवारस, असं धरू नये. पण ते गाड्यांच्या मधोमध असेल, तर मालक कोण हे नंतर बघता येतं. आणि रालामंडळच्या हद्दीत शिरताना दिसलं तर सरळ वनविभागाला कळवा. जिथे होळकरांची शिकारकोठी आहे ती टेकडी आज अभयारण्य आहे, आतल्या चितळांना पळायला फार जागा नाही.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा. काय दिसलं, काय केलं, पुढे काय झालं.

सुदामानगरहून

दिवाळीच्या दिवसांतली गोष्ट. तेजाजीनगर चौराह्याच्या पुढे दुभाजकाला चिकटून एक पिवळसर कारवान उभा होता, दोन्हीकडून ट्रक. यांनी गाडी कडेला घेऊन चारी इंडिकेटर लावले. मागे धावायचं नाही हे मी पक्कं ठरवलं होतं, कारण ही जात पळायला लागली की माणसाच्या हाती लागत नाही, आणि आपल्या भीतीने ती चाकाखाली जाते. वाहतुकीत जरा खंड पडल्यावर तो आपणहून अलीकडे आला. मी त्याच्याकडे पाठ करून, जरा तिरकी, मातीत बसले. डब्यातली तूप लावलेली पोळी शेजारी ठेवली. बराच वेळ तो लांबूनच हुंगत होता. मग अगदी कानाजवळ श्वास लागला.

मान जवळून बघितली तेव्हा पट्टा नव्हता, पण गळ्याभोवती बोटभर रुंद केस झिजून काळी कातडी दिसत होती. म्हणजे कितीतरी वर्षं याने पट्टा घातलेला. ओढणीचा फास करून गाडीत घेतलं. एक सांगून ठेवते, या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा पट्टा मागे ओढला की सुटून येतो. ओढलं की आवळणारा रुंद पट्टा किंवा छातीचा हार्नेसच हवा.

घरी नेण्याआधी जवळच्या ढाब्यावर आणि दूधवाल्याला फोटो दाखवला. दूधवाल्याने लगेच ओळखलं! तिल्लोरकडच्या एका घरचा, फटाक्यांना घाबरून सुटलेला. मालक मोटारसायकलवर आले. त्यांना बघून कुत्र्याने जे अंग टाकलं त्यांच्यावर, तिथे ओळख पटवायची गरजच उरली नाही.

रामबागच्या काकू

माझी मुलगी अमेरिकेत व्हर्जिनियात असते. तिच्या अंगणात मोठे कान लोंबणारं एक हाऊंड आलं, गळ्यात अँटेना असलेला नारिंगी पट्टा. मी म्हटलं, बिचारं चुकलंय, आत घे. ती म्हणाली, आई, ते कामावर आहे. तिकडे हरणाच्या, रॅकूनच्या मागे कुत्री सोडतात आणि मालक जीपीएसवर त्यांची जागा बघत असतो. दुसऱ्याच्या जमिनीतून आपलं कुत्रं परत आणायची मुभा तिथल्या कायद्यात आहे, आणि शिकारी कुत्र्याचा तसा पट्टा काढणं हा गुन्हा. तिने पाणी ठेवलं, पट्ट्यावरच्या नंबरावर फोन केला.

पण काकू म्हणून विचारते, आपल्याकडे तसा पट्टा कुठे असतो? आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हरिण-सशामागे कुत्रं सोडणं हाच गुन्हा आहे. तिकडचा "हात लावू नका" हा नियम इथे जसाच्या तसा लागू पडायचा नाही.

महूहून, पशुवैद्यक

काकूंशी सहमत. थोडं माझ्या कामातलं सांगतो. मागच्या काही बरगड्या दिसणं या जातीत निरोगीपणाचंच लक्षण आहे. उपासमार बघायची तर मांड्या बघा. मांडीचं मांस ओसरलं असेल तर कुत्रं खरंच उपाशी आहे. अशा कुत्र्याला एकदम पोटभर घालू नका, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा.

भूल द्यायची वेळ आली तर जात डॉक्टरांना आधी सांगा. थायोपेंटोनसारखी औषधं यांच्या शरीरातून फार हळू उतरतात. मानेत मायक्रोचिप असू शकते, दवाखान्यात स्कॅनर असेल तर फिरवून घ्या.

लाळ गळत असेल, चाल लटपटत असेल, दिसेल त्याला चावत असेल तर जवळ जाऊच नका. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

लोकमान्यनगरहून

आमची मात्र खरंच टाकलेली होती. आचळं लोंबलेली, दात झिजलेले, म्हणजे पिल्लं काढून काढून म्हातारी झालेली. आम्ही आसपासच्या गावांत विचारलं, फोटो लावले, कुणी आलं नाही. आता ती आमचीच आहे. स्वभावाने इतकी गरीब की भांड्याचा आवाज झाला तरी कोपऱ्यात जाते, पण मांजर दिसलं की हाक ऐकू येत नाही. दोरीशिवाय बाहेर कधीच नाही. थंडीत अंगावर जाड कापड लागतं, चरबी नाही ना.

देपालपूर रोड, शेतकरी

ताई, तुम्ही आधी दूधवाल्याला विचारलं, याचं मला फार वाटलं. आमचा कुत्रा रोजड्यामागे लांब गेला आणि कुणीतरी शहरात नेला. हेतू चांगलाच असणार. पण आम्ही पोचेपर्यंत त्याचं ऑपरेशन करून तो दुसऱ्या घरी देऊनही झाला होता. माझी मुलगी रोज संध्याकाळी बांधावर जाऊन हाका मारायची. शेवटी मिळाला, त्या घरच्यांनी समजून परत दिला.

आता पट्ट्यावर पितळी पट्टी ठोकून मोबाईल नंबर कोरला आहे. इकडच्या बाजूला असं कुत्रं सापडलं तर संध्याकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर फोटो दाखवा. तिथे सगळ्या वाड्यांची माणसं येतात, कुणाचं कुत्रं ते कळतं.