फोन नेटवर्कचे हॅकर: तेव्हाचे जिज्ञासू, आताचे लुटारू?

पिंपळपान:
अमेरिकेतल्या जो एन्ग्रेसियाला जन्मापासून दिसत नव्हतं. लहानपणीच त्याच्या लक्षात आलं, की ठरावीक स्वरात शीळ घातली की लांबचा कॉल तुटतो. तो स्वर होता २६०० हर्ट्झचा. बेल या टेलिफोन कंपनीच्या ट्रंक लाइनवर (एक्स्चेंज एकमेकांना जोडणारी तार) त्याचा अर्थ 'लाइन मोकळी'. त्यानंतर पुढचे स्वर वाजवले की हवा तो नंबर फुकटात लागायचा. ते वाजवणारी डबी म्हणजे ब्लू बॉक्स. असे उद्योग करणाऱ्या पोरांना यंत्रणा समजून घ्यायची होती. आज सिम स्वॅपवाले (तुमच्या नंबरचं नवं सिम फसवून मिळवणारे) ओटीपी पळवून लोकांची आयुष्यभराची पुंजी साफ करतात. दोघांनाही 'हॅकर' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

सांजवारा:
नाही पटलं. ॲपलचे संस्थापक वॉझ्नियाक आणि जॉब्ज यांनी कंपनी काढण्याआधी ब्लू बॉक्स विकले होते, म्हणजे धंदाच ना? माणसं तीच आहेत, घबाड वाढलंय. तेव्हा लाइन हाती आली की फुकट कॉल मिळायचा, आता बँकेचं खातं मिळतं.

जुनाएक्स्चेंज:
तुम्ही दोघंही कंपन्यांना मोकळं सोडताय. बोलणं आणि कॉल जोडायचे हुकूम एकाच तारेवरून, वर ते स्वर बेलने स्वतःच्याच जर्नलमध्ये छापलेले! पुढे सिग्नलिंग, म्हणजे हे हुकूम, वेगळ्या वाटेने नेलं, एसएस७ आलं (फोन कंपन्यांच्या नेटवर्कनी आपसात हुकूम द्यायची पद्धत), शीळ निरुपयोगी झाली. पण एसएस७ मध्येही आत शिरलेला प्रत्येक जण आपलाच, हे गृहीत धरलेलं. मोजक्या कंपन्या होत्या तोवर निभावलं. २०१४ मध्ये सुरक्षा संशोधक टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल यांनी हॅम्बुर्गला जाहीरपणे दाखवलं, की या वाटेने कुणाचा फोन कुठे आहे ते कळतं, एसएमएसही वळवता येतो. २०१७ मध्ये जर्मनीत याच मार्गाने बँकेचे कोड पळवून ग्राहकांचे पैसे काढले गेले. मधल्या काळात कंपन्यांनी काय केलं?

पिंपळपान:
कंपन्यांचा दोष मान्य. पण तेव्हा बुडायचा तो बेलचा महसूल, आज एखाद्या आजोबांचं पेन्शन जातं. हा फरक मी सोडणार नाही.

सांजवारा:
आपल्याकडे सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे की.

जुनाएक्स्चेंज:
तो सिम स्वॅपसाठी. एसएस७ मधून मेसेज वळवताना सिम बदलतच नाही, तुमच्या फोनला रेंजही असते. बँकांनी एसएमएसवरचा ओटीपी बंद करावा, ग्राहकाला 'सावध राहा' सांगून हात झटकू नयेत.