ऑर्गनवर सिंफनी बसवायचीय, सल्ला हवा (नाशिक, बजेट 25 हजार)

गोदाकाठ: जुना स्पिनेट (घरगुती, छोटा इलेक्ट्रॉनिक) ऑर्गन आहे. दोन मॅन्युअल (हाताने वाजवायचे कीबोर्ड), 44-44 पट्ट्या, पायाने वाजवायची 13 पेडल. चेक संगीतकार ड्वोराकच्या नवव्या सिंफनीतला (1893) लार्गो (संथ भाग) कालिदास कलामंदिरातल्या कार्यक्रमासाठी बसवायचाय. स्कोअर आहे. 25 हजारांत साउंड मॉड्यूल (जास्तीचे आवाज देणारा जोडडबा) घेऊ का?

पंचवटीकर: मॉड्यूल सोडा, सरळ स्टेजिया (यामाहाचा मोठा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन) घ्या. 49-49 पट्ट्या, 20 पेडल. आमच्याकडे तोच आहे, दुसऱ्या कशाला हात लावावासा वाटत नाही.

सोळाफुटी: बजेट वाचलंत का राव? आणि ऑर्गनला मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची सोय) नसेल तर मॉड्यूल जोडणार कशाला?
गोदाकाठ, सोलो इंग्लिश हॉर्नचा (ओबोच्या घराण्यातलं, जरा खालच्या सुरांचं) आहे. हे एफमधलं वाद्य, कागदावर ए-फ्लॅट मेजर, कानावर पाच स्वर खाली डी-फ्लॅट. तो सोलो कानावरच्या पट्टीत बदलून वरच्या मॅन्युअलवर, ओबोचा 8 फुटी स्टॉप (आवाज निवडायचं बटण; 8 फुटी म्हणजे लिहिलेल्या उंचीलाच, 16 फुटी सप्तकभर खाली), व्हायब्रेटो (सुराचा कंप) बारीक. स्ट्रिंग्ज खाली, डाव्या हाताला. सप्तकात दुप्पट केलेले सूर सरळ गाळा. मिडल सीच्या खाली सप्तकभर गेलात की तीन सूर चिकटून घेऊ नका, नुसता गिचका होतो.
डबल बास लिहिल्यापेक्षा सप्तकभर खाली वाजतो. पेडलला 16 फुटी स्टॉप लावलात की तेच आपोआप होतं, चेलोसाठी 8 फुटी जोडा. 13 पेडल म्हणजे जेमतेम सी ते सी, त्यामुळे बास दुमडावा लागेल, म्हणजे बाहेर जाणारे सूर सप्तक बदलून आत आणावे लागतील. दुमडायचा तो नव्या ओळीच्या सुरुवातीला. मध्येच दुमडलात तर उडी उघडी पडते.

काळीएक: डी-फ्लॅट म्हणजे आपली काळी एक, एवढं सांगितलं असतं तरी कळलं असतं. पांढरी एकमध्ये घ्या, पाय सुटे राहतील.

सोळाफुटी: आणि सुरुवातीचे ई मेजरचे कॉर्ड? तेही अर्ध्या सुराने उतरवणार? रंगच जाईल.

कॉलेजरोड: व्हायोलिन ड्रॉबारवर (ओढून आवाज मिसळायच्या दांड्यांवर) होत नाही, उगाच वेळ घालवू नका. सर्वात वरचा ड्रॉबार आठवा हार्मोनिक (मूळ सुराच्या आठपट कंपनांचा उपस्वर), व्हायोलिनचे त्याच्या पुष्कळ पुढे जातात. क्लॅरिनेट मात्र छान निघतो: 8, 2⅔ आणि 1⅗ फूट. ऑटो रिदम (ऑर्गनचा आपोआप वाजणारा ठेका) बंद ठेवा, लय ओढताच येत नाही. कॉर्ड बदलताना सामाईक सूर धरून बोटं बदला. स्पिनेटला पियानोसारखं सस्टेन पेडल नाही, बोट उठलं की आवाज तुटला.

पंचवटीकर: म्हणूनच म्हणतो, स्टेजिया.

सोळाफुटी: त्यापेक्षा स्पीकर बघा. पेडलचा खालचा सी 16 फुटीवर साधारण 33 हर्ट्झला येतो, आतला स्पीकर तो सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत नेणार नाही. एक्स्प्रेशन पेडल (आवाज लहानमोठा करायचं) खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

गोदाकाठ: मॉड्यूल रद्द. पांढरी एकमध्येच घेतोय, सोळाफुटी रागावले तरी. पेडलवर फक्त मुख्य बास, बाकी डावा हात. पैसे सबवूफरला.

सोळाफुटी: डी-फ्लॅटमध्ये आणखी एकदा वाजवून बघा हो. मग करा काय ते.